दोन्ही कान दिसले पाहिजेत

पासपोर्टकाकांनी काढलेला एकही फोटो तोवर नापास होऊन परत आलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तरी ते स्वतः सांगतीलच. दुकानात नुसता पत्ता विचारायला गेलात तरी सांगतात. "समोरच्या स्टुडिओवाल्याचे येतात परत. माझा नाही येत. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. झालं! आहे काय त्यात?"

दुकान म्हणजे झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली एक खोली. आत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आणि भल्या माणसाला आरोपी करून टाकणारे दोन दिवे. त्या स्टुलावर बसून लोक परदेशी गेले, नोकरीला लागले, लग्नाला उभे राहिले. फोटोत सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायचे, पण पास व्हायचे. फोटो चांगला आला का, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही. पास झाला का, एवढंच.

अशा या सुखी माणसाच्या वाट्याला एक उंदीर आला.

त्याचं असं झालं. काका राहतात त्या इमारतीच्या सेक्रेटरींनी नवी गाडी घेतली, आणि आठवड्याच्या आत कुणीतरी तिच्या वायरी कुरतडल्या. सेक्रेटरी माणूस तापट. एरवी जिन्यात कुणी चप्पल आपटली तरी नोटीस लावणारे. त्यांनी गाडीखालून एक तपकिरी शेपूट पळताना पाहिली आणि मागच्या भिंतीतल्या बिळात शिरताना पाहिली. आता गंमत अशी, की ती मागची भिंत इमारतीची नव्हे. ती पलीकडच्या सार्वजनिक बागेची, म्हणजे पालिकेची. आपल्या भिंतीतला उंदीर आपण मारू शकतो, पण पालिकेच्या भिंतीतला उंदीर पालिकेचा. तिथे परस्पर औषध टाकलं तर दंड.

सेक्रेटरी पालिकेत गेले. तिथे कळलं, की उंदीर घरातला असेल तर आरोग्य विभाग येतो आणि रानातला असेल तर उद्यान विभाग येतो. मारतात दोघेही, पण मारायचा कुणी हे आधी ठरावं लागतं. त्यासाठी अर्जासोबत प्राण्याचा स्पष्ट फोटो. फोटो नापसंत झाला तर दुसरा द्यायचा, तोही झाला तर तिसरा. तिसराही नापसंत झाला की प्रकरण कायमचं बंद.

"फोटो ना? मग काय प्रश्नच नाही!" असं कमिटीच्या बैठकीत एकदम चारपाच जण म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना पासपोर्टकाकांकडे वळल्या. काका संकोचल्यासारखं करून म्हणाले, "बघू. माझा काही परत येत नाही म्हणा."

घरी येऊन त्यांनी ही बातमी काकूंना जरा तोऱ्यातच सांगितली. काकू मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी शर्ट झटकला आणि विचारलं, "आणि फोटो पास झाला की?"

"की येतील ते लोक. टाकतील काय ते औषध."

"म्हणजे मारतील."

"ते मला काय माहीत? मी फक्त फोटो काढतो. पुढचं त्यांचं ते बघतील."

"मी ओळखते त्याला," काकू म्हणाल्या. "पाखरांसाठी भिंतीवर दाणे ठेवते ना, त्यातले न्यायला येतो संध्याकाळी. एवढुसा जीव. एक दाणा उचलतो आणि चारदा मागे वळून बघतो."

"अगं पण गाडी!"

"गाडी दुरुस्त होते हो," काकू म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून त्यांनी अबोला धरला. काकूंचा अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. त्या बोलायच्या, पण फ्रिजशी. "चहा झालाय" हे फ्रिजला, "दूध संपलंय" हे दाराला. काकांनी ऐकायचं आणि आपलं आपण उमजून घ्यायचं.

पहिला फोटो काकांनी उभ्याउभ्याच काढला. तिन्हीसांजेला बिळासमोर गेले, पायांत अंतर ठेवून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. वरच्या गॅलऱ्यांतून सल्ले सुरू झाले. उंटावरून शेळ्या हाकायला आपल्या लोकांना उंटही लागत नाही, दुसरा मजला पुरतो. "काका, डावीकडे!" "काका, शीळ घाला!" तळमजल्यावरचे हवामानवाले तर खुर्ची घेऊन शेजारीच येऊन बसले. हे हवामान खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांनी ऊन सांगितलं की बायका कपडे आत घ्यायच्या. ते म्हणाले, "मांजर आणा एखादं. मांजर बघून उंदीर बाहेर येतो." एवढ्यात बिळातून काहीतरी निघालं, काकांनी वरून फ्लॅश मारला, आणि ते काहीतरी गडप झालं.

पालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"काका, हा बटाटा आहे ना?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. बाईंनी शिक्का मारला आणि फोटो परत दिला. परत! काका तो घेऊन जे निघाले ते चष्मेवाल्याला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीतून घरी आले. जेवताना ते नुसता भात चिवडत बसले. काकू फ्रिजला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नये माणसानं." पण फ्रिजच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

दुसऱ्या वेळी मात्र काकांनी कंबर कसली. आपल्या धंद्यात हार खायची? त्यांनी अख्खं दुकानच मागच्या अंगणात आणलं. बिळाशेजारी पांढरा पुठ्ठा उभा केला, दोन्ही दिवे लावले, त्यांच्या वायरी सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरातून ओढल्या, आणि पुठ्ठ्यापुढे एक लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दाणे मांडले. ठोकळा म्हणजे स्टूल. दोन दिवस उंदीर आला नाही. वायरींत पाय अडकून हवामानवाले पडले आणि सेक्रेटरींच्या घरचा मिक्सर जळला, एवढंच झालं. तिसऱ्या संध्याकाळी तो आला. ठोकळ्यावर चढला, दाणा उचलला आणि दिव्यांनी दिपून समोर बघत राहिला.

"हनुवटी थोडी खाली," काका सवयीनं पुटपुटले. "हं. हसू नका."

फोटो असा आला, की नोकरीच्या अर्जाला लावावा. नाक समोर, नजर सरळ, मागे पांढरंशुभ्र, दोन्ही कान स्पष्ट. काकांनी तो हवामानवाल्यांना दाखवला तर ते म्हणाले, "अगदी आमच्या जावयासारखा दिसतोय." काका छाती काढून पालिकेत गेले.

खिडकीतल्या बाईंनी तो आतल्या साहेबांना दाखवला, आतल्या साहेबांनी त्यांच्या साहेबांना, आणि मग शेरा आला. शेपूट दिसत नाही. पोटाचा रंग दिसत नाही. शिवाय प्राणी निवांत बसून फोटो काढून घेत असल्यानं तो पाळीव असल्याचा संशय येतो. पाळीव असल्यास मालकाची संमती जोडावी.

"अहो, रानातला आहे तो!"

"मग रानातल्यासारखा दिसू दे की काका. हा तर आत्ता विमानात बसायला निघाल्यासारखा दिसतोय."

आता सांगा, याला काय म्हणावं? ज्या कौशल्यावर माणसानं आयुष्य काढलं, तेच आडवं आलं. काका आले ते थेट मागच्या अंगणात गेले आणि तो पांढरा पुठ्ठा रागारागानं उचलायला वाकले. वाकले आणि कंबर धरली. अशी धरली, की ना पुढे ना मागे. ते हळूहळू गुडघ्यांवर आले, मग हातांवर, आणि शेवटी पोटावर आडवे झाले. हाक मारावी तर गॅलऱ्या भरतील. आधीच बटाट्याची गोष्ट सगळ्यांना कळलेली. काकांनी ठरवलं, अंधार पडेपर्यंत असंच पडून राहायचं.

हलता येत नव्हतं, म्हणून ते हलले नाहीत. आणि कुणी हलत नाही म्हटल्यावर बिळातून उंदीर बाहेर आला.

काकांनी त्याला आतापर्यंत वरून पाहिलं होतं, नाहीतर दिव्यांत बसवून पाहिलं होतं. आता तो त्यांच्या नाकासमोर होता, आणि त्यांच्याएवढाच उंच होता. मावळतीचं ऊन कुंपणातून तिरपं येत होतं. त्यात त्याच्या मिशांचा एकेक केस वेगळा दिसत होता. कान इतके पातळ, की त्यांतून उजेड आरपार जात होता. तो मागच्या पायांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड धुऊ लागला. आधी नाक, मग गाल, मग एक कान वाकवून त्याच्या मागून, अगदी शाळेत जायच्या आधी आई घासते तसं. डोळा काळाभोर, आणि त्या डोळ्यात कुंपण, आभाळ आणि खाली एक आडवे पडलेले काका.

मग तो जरा वळला आणि काकांना त्याचं पांढरं पोट दिसलं. दूध ओढून ओढून ओघळलेलं पोट. तो नव्हेच, ती होती. लेकुरवाळी होती. आत पिल्लं होती.

वाकताना खांद्यावरून निसटलेला कॅमेरा हाताच्या अंतरावर पडला होता. काकांनी हात पुढे केला नाही. आपण हिला हनुवटी खाली करायला सांगितली होती, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ कर हं," ते अगदी हळू म्हणाले.

एवढ्यात वरून किंकाळी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अंगणात पालथे पडलेले काका पाहिले होते. पुढचं सांगायला नको. माणसं धावली, कुणी पाणी मारलं, कुणी चप्पल हुंगायला दिली, सेक्रेटरींनी फोन केला आणि ॲम्ब्युलन्स आली. काका तोवर भिंतीला धरून उभे राहिले होते.

"रुग्ण कोण?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "मी उंदीर बघत होतो."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की रिकामं परत गेलं तर वर उत्तर द्यावं लागतं, तेव्हा कुणालातरी तपासू द्या. शेवटी हवामानवाल्यांनी मोठ्या मनानं आपला हात पुढे केला. त्यांचं ब्लडप्रेशर खरोखरच वाढलेलं निघालं आणि ते गेले. जाताना त्यांनी रात्री पाऊस सांगितला, म्हणून बायका निर्धास्त झाल्या.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून अंगणात पालथे पडू लागले. इमारतीला सवय झाली. लोक त्यांना ओलांडून जायचे. काकांनी फ्लॅश कपाटात टाकला, दिवे दुकानात परत नेले. आडव्या उजेडात एका बाजूला अंधार फार होतो म्हणून त्यांनी घरातली स्टीलची परात आणून विटेला टेकवली, म्हणजे ऊन तिच्यावरून उलटून त्या अंधाऱ्या बाजूला पडायचं. कुंपण जितकं लांब तितकं ते फोटोत विरघळून नुसतं हिरवं होतं, म्हणून त्यांनी दाण्यांची जागा चार बोटं, मग वीतभर पुढे सरकवली. नजर नेमकी डोळ्यावर ठेवायची, बाकी काही धूसर झालं तरी चालेल, हे त्यांना शंभर वाईट फोटो काढल्यावर कळलं. आणि वाट पाहायची. ज्यांनी गिऱ्हाइकाला बसवून "झालं, उठा" एवढंच आयुष्यभर केलं, ते काका श्वास धरून एका उंदरीची वाट पाहू लागले. परात नाहीशी झाल्यावर काकू फ्रिजला काहीच म्हणाल्या नाहीत.

"काका, पंधरवडा झाला!" सेक्रेटरी ओरडले. "माझी गाडी रिक्षासारखा आवाज करते. उद्याच्या उद्या फोटो द्या, नाहीतर मी समोरच्या स्टुडिओवाल्याला बोलावतो. त्याच्याकडे हातभर लांब लेन्स आहे."

त्याच संध्याकाळी ती बिळातून निघाली ती तोंडात पिल्लू धरून. मिटलेल्या डोळ्यांचं, गुलाबी, बोटाच्या पेराएवढं. ती दाण्यांजवळच्या विटेवर चढली, थांबली, आणि कुणी बघतंय का ते पाहायला मान वळवली. उन्हात अर्धा चेहरा, परातीच्या उजेडात अर्धा. एकच कान दिसत होता. शेपूट विटेवरून खाली लोंबत होती, पोट पांढरं झळकत होतं. काकांनी बटण दाबलं. ती दचकलीही नाही. पिल्लू जरा नीट धरलं आणि परत आत गेली.

काका मातीनं माखलेलं पोट घेऊन वर आले आणि कॅमेरा काकूंपुढे धरला. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. फ्रिजला नव्हे, काकांना. "हिला पोरं आहेत हो."

"हो."

"किती काळजी आहे बघा डोळ्यात." मग त्या हळूच म्हणाल्या, "हा पास होईल."

"होणारच. सगळं दिसतंय. शेपूट, पोट, डोळा. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता." काका खुर्चीत बसले. "माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो, आणि हा दिला की परवा ते लोक येऊन बीळ बुजवतील. नाही दिला तर तो लांब लेन्सवाला येईल. त्याच्याही फोटोत कळेलच सगळं."

"मग?"

"तिसरा फोटो मीच द्यायचा," काका म्हणाले. "आणि तो नापास व्हायला हवा."

बोलून ते स्वतःच घाबरले. लग्न झाल्यापासून हा माणूस "माझा परत येत नाही" याखेरीज काही मागत नव्हता, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटफुटीला दोघं अंगणात गेले. वाईट फोटो काढणं सोपं असतं असं तुम्हाला वाटत असेल. पण जित्याची खोड! काकांनी मुद्दाम हात हलवायचा ठरवला, पण बटण दाबायची वेळ आली की श्वास आपोआप थांबायचा आणि हात दगड व्हायचा. एक काढला, लख्ख आला. दुसरा काढला, विटेवरची धूळ मोजून घ्यावी असा आला. ती बिळातून नाक बाहेर काढून हा प्रकार पाहू लागली.

"होत नाही गं माझ्याच्यानं," काका रडकुंडीला आले. "तू धक्का दे."

"मी? फोटो काढताना? एकदा चुकून कोपर लागलं होतं तर आठ दिवस बोलला नव्हतात."

"आता मी सांगतोय ना! दे!"

उंदरी पुढे आली, काकांनी बटणावर बोट ठेवलं, आणि काकूंनी पदर तोंडात धरून त्यांच्या कोपराला असा काही धक्का दिला, की काका कुंपणात गेले. दोघं तिथेच बसून हसत राहिले. फोटोत एक तपकिरी फराटा आला होता. कुणीतरी भिंतीवर पोतेरं फिरवावं तसा.

काका तो घेऊन पालिकेत गेले. खरा फोटोही छापून शर्टाच्या खिशात ठेवला होता. का ठेवला होता ते विचारू नका, त्यांनाही सांगता आलं नसतं.

खिडकीतल्या बाईंनी तो फराटा उलटा धरला, सुलटा धरला. "काका, हा काय धूर आहे?"

"उंदीर आहे."

"हा?" त्यांनी शेजारच्या टेबलाला दाखवला. शेजारच्या टेबलानं पलीकडच्या टेबलाला दाखवला. बाईंनी तिसरा शिक्का मारला. प्रकरण बंद. मग त्यांना जरा दयाच आली. त्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पण फोटो काढायला शिका जरा. घरातल्या शेंबड्या पोरानं मोबाइलवर याहून बरा काढला असता."

रांगेत चष्मेवाला उभा होता. नेमका त्याच दिवशी त्याला पाणीपट्टी भरायची होती. तो तोंड वासून काकांकडे बघत होता. काकांच्या कानशिलांत रक्त चढलं. हात खिशाकडे गेला. बोटं आतल्या फोटोच्या कडेला लागली. एवढा एक काढून खिडकीत ठेवला असता तर बाईंची वाचा बसली असती, चष्मेवाल्याची बसली असती, साहेबांचे साहेब उठून आले असते.

काकांनी हात बाहेर काढला. तो रिकामाच होता.

"हो," ते म्हणाले. "हात हलतो हल्ली माझा."

घरी काकू दारातच उभ्या होत्या. काका चपला काढताना खाली बघूनच म्हणाले, "नापास. चष्मेवाला पण होता तिथे. आज गल्लीभर होईल." मग चपला कोपऱ्यात लावल्या. "म्हणाली, शिका जरा. मी म्हटलं, हात हलतो."

काकूंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा तर खरंच हलतोय."

काकांनी पाहिलं. हलत होता. मनगटापासून थरथरत होता आणि थांबायला तयार नव्हता. काका त्या हातावर जाम चिडले.

"आत्ता हलतोय गाढव! सकाळी कुठे मेला होता?"

काकूंनी तो तसाच धरून ठेवला.